रत्नम्मा, जिल्हा लातूर

नाव ही माणसाची अशी एकच मालमत्ता आहे, की जी चोराला नेता येत नाही आणि मरणालाही हिसकावता येत नाही. हे वाक्य बसवंत हलगरे यानं लातूरच्या एका व्यापारी सत्कारात उच्चारलं, तेव्हा जिल्हा होऊन दोन महिने झाले होते आणि गावात रोज कुणाचा ना कुणाचा सत्कार चालला होता. टाळ्या पडल्या. बसवंत बी.ए. होता आणि मसाल्याच्या धंद्यात होता, त्यामुळे त्याच्याकडून अशा एखाद्या वाक्याची अपेक्षा असेच. त्यानंतर अकराव्या दिवशी भोकरच्या एका किराणा दुकानात ती मालमत्ता साठ पैशांना विकली जात असलेली त्याला दिसली.

तो तिकडे ऑर्डरी घ्यायला गेला होता. दुकानदार व्यंकटी ओळखीचा. त्यानं चहा सांगितला, यंदाही पाऊस गेला याबद्दल दोघांनी जे बोलायचं असतं ते बोलून घेतलं, आणि मग व्यंकटीनं फळीवरून एक पिवळी पुडी काढून पुढं केली. "आप्पा, नवं पाकीट काढलाव, सांगितलं न्हाई. रंग लई भारी हाय. आतला माल तोच ना?" पुडीवर ‘रत्नम्मा काळा मसाला’ असं लिहिलेलं होतं. बसवंतच्या पुडीवरही हेच तीन शब्द होते, पण त्याची पुडी लाल होती, गेली दहा वर्षं लाल होती, आणि तिच्यावर खाली लातूर असे. पिवळीवर खाली नांदेड होतं आणि वर एका मुलीचा फोटो होता. "तोच," बसवंत म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकाला हो म्हणत आलेला माणूस गांगरला की पहिल्यांदा हो म्हणतो. त्यानं साठ पैसे ठेवले आणि पुडी खिशात घातली. व्यंकटी हसला. "सोताचाच माल इकत घेऊन राहिले व्हय आप्पा! असं गिऱ्हाईक मला बी पाहिजे."

नांदेडला गाडी बदलून तो लातूरच्या गाडीत बसला. नांदेडात माल करणारा कोण, हे शोधायला त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. रत्नम्मा हे नाव नांदेडात ठेवील असा एकच माणूस होता: त्याचा मेव्हणा, रेवणसिद्ध. पण फोटोतली मुलगी कोण ते त्याला कळेना. लोहा गेलं. तो पुडी खिशातून काढायचा, पाहायचा, परत ठेवायचा. मुलीनं एक वेणी पुढं घेतली होती, हात एका उंच स्टुलावरच्या फुलदाणीला टेकवला होता, आणि मागं पडद्यावर एक जिना रंगवलेला होता, जो कुठंच जात नव्हता. त्या जिन्यामुळं घोटाळा झाला. मुलगी अनोळखी होती, पण जिना त्यानं पाहिलेला होता. अहमदपूरच्या स्टँडवर ड्रायव्हर इंजिनात घालायला पाणी शोधत हिंडत होता आणि लोक खाली उतरून त्याला सल्ले देत होते, तेव्हा बसवंतच्या लक्षात आलं, की हा देगलूरच्या स्टुडिओतला जिना आहे. एकोणीसशे साठ साली त्याच्या मामानं पाकिटातून एक फोटो काढून त्याच्या हातात दिला होता. बसवंतनं तो बराच वेळ पाहिला होता आणि ‘बरी आहे’ असं म्हटलं होतं. म्हणजे ही त्याची बायको होती. तिला ओळखायला त्याला भोकरपासून अहमदपूरपर्यंतचं अंतर लागलं होतं, आणि तेही जिन्यामुळं.

गाडी पुन्हा चालू झाली. आपल्याला राग आला पाहिजे, असं त्याला वाटलं, आणि तो रागाची वाट पाहू लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी वीतभर येऊन थांबली होती. रागाऐवजी त्याला त्या स्टुडिओचा वास आठवला, जिथं तो कधी गेलाच नव्हता. मग लग्नातलं ताट आठवलं. तांदूळ पसरलेलं पितळी ताट, त्याच्या बोटातली अंगठी, आणि शेजारी त्याची आत्या. नवरीचं नाव रत्नम्मा होतं, आणि त्याच्या आईचंही नाव रत्नम्मा होतं. आत्या म्हणाली होती, "सासूचं नाव सुनेला कसं चालंल? घरात हाक कुणाला अन् ओ कुणाची! बदला." त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, नाव बदललं नसतं तरच लोक नंतर बोलले असते. स्वामींनी दोन-तीन नावं सुचवली. त्यातलं त्याला गौरम्मा आवडलं, म्हणजे त्यात अक्षरं कमी होती आणि गुडघे भरून आले होते. त्यानं अंगठीनं तांदळात गौरम्मा लिहिलं. मुलगी चौथी शिकलेली होती. तिनं मान न हलवता ताटाकडं पाहिलं, दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपल्याकडं आलं की माणूस पाहतो तसं, आणि मग कुणीतरी ताट उचलून नेलं. त्या तांदळाचं पुढं काय केलं असेल? बहुतेक शिजवला असेल. वाया घालवायची त्या घरात पद्धत नव्हती.

हे सगळं तसं मिटलेलं होतं. त्या घरात एक रत्नम्मा आणि एक गौरम्मा अशा दोन बायका सुखानं, म्हणजे फारशा न बोलता, राहत होत्या. बसवंत आईला अक्का म्हणे आणि बायकोला काहीच म्हणत नसे. बायकोला नावानं हाक मारायची त्यांच्याकडं रीत नाही. ‘अगं’, ‘ऐकलं का’, किंवा नुसतं खाकरणं एवढ्यावर बावीस वर्षं निभावली होती. मध्ये बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळानं बसवंतचं भलं केलं. ही गोष्ट तो कुठल्याच सत्कारात सांगत नसे. त्याचं तेव्हा औसा रस्त्यावर छोटं किराणा दुकान होतं, आणि रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. लोकांना खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, आणि तिची भाकरी अशी होती की तिला खाण्यापेक्षा तिची समजूत घालावी लागे. त्याच्या बायकोनं परसात मिरची कुटली, धने, दगडफूल घातलं, आणि खोबरं परवडत नव्हतं म्हणून खोबऱ्याच्या जागी भाजलेलं जवस घातलं. चिमूटभर मसाला भाकरीवर टाकला की ती घशाखाली उतरायची. दुपारच्या सुट्टीत बायामाणसं दुकानासमोर रांग लावू लागली. पाच पैशांची पुडी. हातावर खडीची धूळ असे, ती पुडीला लागे. बसवंतला त्या धुळीचा रंग अजून आठवत होता, माणसांचे चेहरे आठवत नव्हते. त्याचं त्याला वाईट वाटायचं. मग वाईट वाटल्याचं बरं वाटायचं.

पुढच्या साली पुड्या छापायचं ठरलं. छापखान्याचा माणूस ओसरीवर बसून म्हणाला, "नाव काय टाकू?" अक्का खांबाला टेकून वाती वळत होती. आत चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बसवंत म्हणाला, "रत्नम्मा." वाती वळणारे हात थांबले. अक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "लेकरानं आईचं नाव ठिवलं गं बाई." आत भाकरीचा आवाजही थांबला होता. त्या दिवशी जेवताना त्याच्या भाकरीवर नेहमीच्या दुप्पट तूप पडलं, आणि वाढणारा हात ताटावर क्षणभर रेंगाळला. बायको फक्त हसली. तिचं ते हसू त्यानं तोवर पाहिलं नव्हतं, आणि नंतरही पाहायला मिळालं नाही. आपण कुणाचं नाव घेतलं? हा प्रश्न त्या वेळी त्यानं स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर दोन्हीकडं पोचलं होतं आणि दोन्हीकडं आनंद होता. एका खर्चात दोन कामं होत असतील तर व्यापारी माणूस चौकशी करत नाही. चित्रासाठी छापखान्यात एका डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचा ठोकळा पडून होता. तो आधी केसांच्या तेलासाठी वापरलेला. बाईच्या हातातली बाटली खरवडून काढली. तेव्हापासून लाल पुडीवरची रत्नम्मा रिकामा हात पुढं करून उभी होती, जणू कुणाकडं काही मागत होती. अक्का सत्त्याहत्तर साली गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी एक लाल पुडी असे.

लातूरला उतरला तेव्हा ऊन कलत होतं. स्टँडसमोर एक रंगारी शिडीवर चढून दुकानाच्या पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ पांढऱ्या रंगानं पुसत होता. गावभर हेच चाललं होतं. बसवंतलाही पुड्या नव्यानं छापून घ्यायच्या होत्याच; जिल्हा बदलला होता. छापखानेवाल्यानं चार दिवसांपूर्वी सहज विचारलं होतं, "नाव नोंदलाव का मुंबईला? आता जिल्ह्याचं गाव झालं, कोण बी उचलंल." तेव्हा बसवंत हसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुडीचं नाव सरकारात नोंदवून घ्यायला, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला वापरता येऊ नये म्हणून, शेषेराव वकिलांकडं गेला. शेषेराव हैदराबादेत उर्दूतून कायदा शिकलेले, आणि जिल्हा झाल्यापासून त्यांच्या ओट्यावर बसायला जागा मिळत नसे. त्यांनी दोन्ही पुड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहिल्या.

"ही बाई कोण? खरी हाय का नुसती छापलेली?"

"नुसती छापलेली."

"चित्राचं न्हाई, नावाचं इचारून राहिलो. नाव कुणाचं? माणूस जिवंत असंल तर त्याची लेखी रजामंदी लागती. मयत असंल अन् वीस सालं झाली नसतील, तर वारसांची."

"आईचं नाव रत्नम्मा होतं. सत्त्याहत्तरला गेली."

"वारस?"

"मी एकटाच."

"बस. म्हंजे तुम्ही तुमच्या धंद्याला तुमचीच रजामंदी द्यायची. इतकी सोपी रजामंदी चाळीस सालांत बघितली न्हाई मी."

बसवंत गप्प बसला असता तर काम तिथंच झालं असतं. पण बी.ए.च्या शिक्षणानं माणसाला नको तिथं पूर्ण माहिती द्यायची खोड लागते. "बायकोचं माहेरचं नावही रत्नम्माच आहे," तो म्हणाला. "तो पिवळ्या पुडीवरचा फोटो तिचा आहे. मेव्हण्यानं छापलाय."

शेषेरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत पिवळी पुडी डोळ्यांजवळ धरली. "वहिनी हाय व्हय ही? अल्लड दिसती." मग पुडी खाली ठेवून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही धंदा काढलाव तवा नाव कुणाचं म्हणून ठिवलाव?"

"तेच आठवत नाही."

"बसवंतप्पा, न आठवणं ही लई मोठी दौलत हाय, तिचा फायदा घ्या. आईचं लिवा. मयत माणसाची उलटतपासणी कोण घेत नसतंय. बायकोचं म्हणून लिवलाव, तर मेव्हणा म्हणंल, माझ्या बहिणीचं नाव, माझ्या बहिणीची तसबीर, ह्यो दाजी मधीच कोण? अन् ती बहीण दस्तखत कुणाच्या बाजूनं करंल, ह्याचा भरोसा मी देत न्हाई. तुम्ही देता का?"

बसवंतनं भरोसा दिला नाही. उठताना त्यानं विचारलं, की नोंदणी एकदा झाली म्हणजे किती दिवस टिकते. "सात सालं," शेषेराव म्हणाले. "मग परत फी भरायची. लायसनवाणी." मरणाला न हिसकावता येणाऱ्या मालमत्तेबद्दलचं आपलं वाक्य बसवंतला त्या वेळी आठवलं. ते त्यानं मनातल्या मनात थोडं दुरुस्त केलं आणि चप्पल घातली.

आईचं लिहायचं, हे रस्त्यातच ठरलं. त्यात खोटं काही नव्हतं. आईचं नाव रत्नम्मा होतंच, तिनं डोळ्यांना पदर लावला होताच. एखादी गोष्ट खोटी नसूनही अंगाला खाजत राहते, तसं मात्र होत होतं. दारात कोंडाबाई आणि इतर दोघी पुड्यांची तोंडं चिकटवत बसल्या होत्या. त्यांच्या मागं, जात्याच्या खोलीत, त्याची बायको मसाल्याचा वास घेत उभी होती. गिरणी आली होती, माणसं आली होती, तरी प्रत्येक घाण्याचा वास ती घ्यायची आणि मान हलवायची, आणि मगच तो पोत्यात भरला जायचा. दहा वर्षांत तिनं दोनदा मान हलवली नव्हती, आणि दोन्ही वेळा माल फेकून दिला होता. तिच्या नाकाच्या शेंड्यावर तांबडी धूळ होती. वेणी पुढं घेतलेली मुलगी त्या चेहऱ्यात कुठं सापडते का, हे तो पाहू लागला. डावी भुवई तीच असावी.

"काय बघालाव?" ती म्हणाली.

त्यानं पिवळी पुडी तिच्यासमोर धरली. ती दचकेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं पुडी घेतली, फोडली, तळहातावर चिमूट घेऊन हुंगली. "जवस करपवलंय," ती म्हणाली. "रेवणाच्या बायकोला तीनदा सांगितलं, मंद जाळावर भाज म्हणून. हात लई घाईचा हाय तिचा."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मीच सांगितलं. पंचमीला गेले व्हते तवा. त्याचं कापडाचं दुकान बसलं, दोन पोरी हायत. म्हणला, अक्का, काय करू? म्हणलं, मसाला कर. नाव काय ठिवू म्हणला. म्हणलं, माझं ठिव. फोटो आईच्या पेटीत व्हता, तो बी दिला."

"मला न विचारता?"

"माझं नाव हाय." ती शांतपणे म्हणाली. पुडीचं तोंड तिनं नीट दुमडून बंद केलं. "अन् तुम्ही ताटात लिवलाव तवा मला इचारलं व्हतं का?"

बाहेर कोंडाबाईचा डिंकाचा ब्रश थांबला होता. बसवंतनं खोलीचं दार लोटून घेतलं. मग त्यानं वकिलांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. आधी कायद्याच्या भाषेत, आणि ती नुसती पाहत राहिली तेव्हा साध्या भाषेत. मुंबईला अर्ज करायचा. अर्जात नाव कुणाचं ते लिहायचं. अक्काचं लिहिलं तर काम सरळ होतं, रेवणसिद्धला नोटीस देऊन थांबवता येतं. तिचं लिहिलं तर तिची सही लागते. सही दिली की नाव धंद्याचं झालं. मग रेवणसिद्धला ते वापरता येणार नाही, तिनं दिलं असलं तरी. हे सांगताना आपला आवाज एजंटासारखा येतोय, असं त्याला वाटलं. ती जात्याच्या पाळूवर बसली. बराच वेळ तिनं बोटांवरचा मसाला एका बोटानं दुसऱ्या बोटावरून काढला.

"आपल्या पुडीवरलं नाव कुणाचं हाय?" तिनं विचारलं.

दहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आता दोन तासांत दुसऱ्यांदा आला होता. बसवंतनं खरोखर आठवायचा प्रयत्न केला. ओसरी, वाती, भाकरीचा आवाज. छापखानेवाल्याचा कान, त्यात अत्तराचा बोळा. ते नाव तोंडातून निघालं त्याच्या आधीचा क्षण मात्र कोरा होता. कदाचित त्यानं आईकडं पाहून ते म्हटलं असेल आणि भाकरीच्या आवाजाला ऐकवलं असेल. कदाचित उलटं. कदाचित समोरच्या कॅलेंडरकडं पाहूनही दुसरं काही नाव सुचलं नव्हतं एवढंच असेल.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं बायकोशी बोललेलं हे पहिलंच असं वाक्य होतं, ज्यात काही राखून ठेवलेलं नव्हतं.

तिनं मान हलवली. माल पास करताना हलवायची तशीच. "सासूबाईंचं लिवायचं असंल तर लिवा. त्यांना गोड वाटंल, जिथं असतील तिथं. मी काय म्हणणार न्हाई. रेवणाचं बी मी बघते, दुसरं काय तरी काढंल. पण माझं म्हणून लिवायचं असंल," ती उठली, पदर झटकला, "तर एकदा हाक मारा. त्या नावानं. मंग देते दस्तखत."

"म्हणजे?"

"म्हंजे हाक. बावीस वर्षं झाली, ह्या घरात कुणी मारली न्हाई. पुडीला मारता, मला मारून बघा."

बसवंतला वाटलं होतं, की ही एक अट आहे आणि अटी पाळायच्या असतात. मोंढ्याच्या बाजारात तो दिवसाला चाळीस वेळा ते नाव घेई. फोनवर ओरडून घेई, कारण उदगीरची लाइन खराब होती. ‘रत्नम्मा दोन पेट्या’, ‘रत्नम्मा संपली’, ‘रत्नम्माला उठाव नाही’, हे त्याला श्वास घेण्याइतकं सोपं होतं. पण त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला, ती पाठमोरी पोळपाट पुसत होती, आणि त्याच्या तोंडातून फक्त खाकरणं निघालं. तिनं वळून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागं, हळू आवाजात म्हणून पाहिलं. आपण आईला नावानं हाक मारतोय असं वाटून त्याला घाम फुटला. आईला कुणी नावानं हाक मारलेली त्यानं ऐकली नव्हती, वडीलही खाकरत. म्हणजे त्या घरात नाव बदलायचं जे कारण आत्यानं दिलं होतं, ते मुळातच नव्हतं. त्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं, आणि म्हणून गोंधळही होणार नव्हता. हा शोध त्याला बावीस वर्षांनी, धन्याच्या पोत्यांमागं लागला, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

असे नऊ दिवस गेले. शेषेरावांनी निरोप पाठवला. रेवणसिद्धची पिवळी पुडी औशाच्या बाजारातही दिसली, असं कुणीतरी सांगितलं. ती नेहमीसारखी वाढत होती, वास घेत होती, मान हलवत होती. टँकर एक दिवसाआड यायला लागला होता. बसवंतला रात्री नीट झोप लागत नव्हती आणि दिवसा तो लोकांच्या पाट्या वाचत हिंडे. अमुक आणि सन्स. तमुक ब्रदर्स. श्रीमती अमकी वस्त्रालय. ह्या श्रीमतींना कुणी कधी हाक मारली असेल का? दहाव्या दिवशी दुपारी तो दुकानातून मुद्दाम लवकर आला. ती माळवदावर मिरच्या उलथत होती. अंगणात कोंडाबाई एकटीच होती. तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला, टोपी काढली, परत घातली, आणि वर तोंड करून म्हणाला, "रत्नम्मा!"

आवाज मोंढ्यातला आला. कोंडाबाईनं डिंकाचा ब्रश कानामागं खोचला. "पन्नासच्या पुड्या का शंभराच्या, आप्पा?"

"तुला नाही," तो म्हणाला. कोंडाबाई बुचकळ्यात पडून आत गेली. वर मिरच्यांचा खळखळाट थांबला होता. बसवंतला आता खरोखर पळून जावंसं वाटलं, पण जिल्ह्याच्या गावात प्रतिष्ठित माणसाला आपल्याच घरातून पळून जायला रस्ता नव्हता. तो तीन पायऱ्या चढला. मिरचीची धूळ नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्यांदा ते नाव निघालं तेव्हा आवाज असा खाली गेला होता, की तो त्याचा स्वतःचाही वाटला नाही.

"ओ," वरून उत्तर आलं.

ते चटकन आलं. विचार न करता, मागच्या दारी खेळणाऱ्या पोरीनं द्यावी तशी ओ होती ती. तिला आता तो पुढं काहीतरी बोलेल असं वाटत असावं, कारण हाक मारणाऱ्याचं काही काम असतं. त्याचं काही काम नव्हतं. त्यानं जिन्यातच टोपी सारखी केली, आणि म्हणाला, "टँकर उद्या आहे ना?" "हाव," ती म्हणाली. खाली आली तेव्हा तिचेही डोळे लाल होते. मिरची दोघांनाही लागली होती, त्यामुळं त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. तिनं हात धुतले, कागद मागितला, आणि ओसरीवर बसून, प्रत्येक अक्षराला जोर देत, शाळेतल्या वळणानं रत्नम्मा असं लिहिलं. ते लिहायला तिला लग्नापेक्षा जास्त वेळ लागला. मग कागदाकडं बघून म्हणाली, "रेवणाला नोटीस तुम्ही सोता द्या. टपालानं नका धाडू. भाऊ हाय."

कागद पाहून शेषेरावांनी कपाळाला हात लावला. रेशनकार्डावर गौरम्मा, सही रत्नम्माची. दोन्ही एकच बाई असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यात शेषेरावांनी ‘सदर इसम व सदर इसम एकच असून’ असं घातलं. बसवंतला ते वाक्य आवडलं. अर्ज टाइप झाला, नोटीस टाइप झाली. मुंबईला कागद जाण्याआधी नोटीस पोचती व्हावी, असं शेषेरावांचं म्हणणं पडलं. बसवंत सकाळच्या गाडीनं नांदेडला निघाला. काय बोलायचं हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. आधी पोरींची चौकशी करायची. मग त्याच्या बहिणीची ख्यालीखुशाली सांगायची. मग खिशात हात घालायचा. एका आईबापानं दिलेलं नाव त्यांच्याच मुलाकडून कायद्यानं काढून घ्यायचं, हे काम करताना चेहरा कसा ठेवायचा, याचा विचार तो लोह्यापर्यंत करत होता. बायकोनं हाकेच्या बदल्यात हे दिलं होतं. त्या सौद्यात कुणी जास्त दिलं, हे त्याला ठरवता येईना.

रेवणसिद्ध दुकानासमोर रस्त्यावरच होता, हातात हातोडा. "शरणार्थ दाजी! अचानक? अक्का बरी हाय ना?" त्यानं आत खुर्ची मांडली, चहा सांगितला. पोरी बऱ्या होत्या. बसवंतनं खिशात हात घातला आणि मसाल्याचं विचारलं.

"मसाला?" रेवणसिद्ध हसला. "ते दसऱ्यालाच बंद केलं की दाजी. आमच्या हिला काय जवस जमंना, करपूनच राहिलं. फळीवर ऱ्हायला असंल कुणाच्या तर तेवढाच." त्यानं हातोड्यानं दुकानाच्या आत दाखवलं. छतापर्यंत पाणी साठवायच्या पत्र्याच्या टाक्या रचलेल्या होत्या. "ह्याला लई उठाव हाय. आलेली संध्याकाळपर्यंत ऱ्हात न्हाई."

खिशातला हात नोटिशीवर तसाच ठेवून बसवंतनं टाक्या पाहिल्या. त्यांच्यावर नाव काहीच नव्हतं. लाल रंगात किती लिटरची, तेवढं लिहिलेलं होतं.